ती मोबाइलमध्ये खाते, भाकऱ्या माझ्या वाढतात

पत्र

ताई, नमस्कार.

मी ४३ वर्षांची आहे, जुळे सोलापुरात राहते. शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका गारमेंटमध्ये सुपरवायझर आहे. मिस्टर पुण्याला कंपनीत आहेत, पंधरा दिवसांतून एकदा हुतात्मा एक्सप्रेसनं येतात. मुलगी बारावीला आहे. क्लासहून यायला तिला साडेनऊ होतात आणि आली की ताट घेऊन ती तिच्या खोलीत जाते. सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. लग्न झाल्यापासून रात्रीचं जेवण आम्ही दोघी समोरासमोर बसून करायचो. शेवटी शेवटी त्यांना दात नव्हते, भाकरी दुधात कुस्करून तासभर जेवत बसायच्या.

आता मी एकटीच जेवते. आठ वाजता ताट वाढून घेते, मोबाइल तांब्याला टेकवते आणि खाण्याचे व्हिडिओ लावते. एक बाई आहे, परातभर मटण, भाताचा ढीग आणि दहा-बारा अंडी एकटी खाते. तिनं घास घेतला की माझाही हात ताटात जातो. पूर्वी दीड भाकरीत माझं जेवण व्हायचं, आता तीन कधी संपतात कळत नाही. वर रात्री साडेदहाला पुन्हा काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं आणि फरसाणाचा डबा निघतो. वर्षात आठ किलो वजन वाढलं. परवा तपासलं तर उपाशीपोटीची साखर ११२ आली.

नवल म्हणजे मुलगीही तसलेच व्हिडिओ बघते आणि ती जेवतच नाही. 'बघूनच पोट भरलं' म्हणते. ताटातली भाकरी तशीच परत येते. एकाच तऱ्हेचे व्हिडिओ बघून मी जास्त खाते आणि ती कमी, असं कसं? दोष मोबाइलचा की माझ्या जिभेचा? मिस्टर म्हणतात, नेटच बंद करून टाक. काय करू?

– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर

ताई, जिभेला बोल लावू नका. तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. तिनं घास घेतला की माझाही हात ताटात जातो, हे एक. आणि सासूबाई भाकरी दुधात कुस्करून तासभर जेवायच्या, हे दुसरं. तुम्ही ती सहज लिहून गेलात, पण तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

आधी पहिलं वाक्य. समोरच्याचा घास पाहून आपला हात चालतो, हे तुमचं एकटीचं नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तरुण मुलींच्या ७० जोड्या जेवायला बसवल्या, त्यांचं चित्रीकरण केलं आणि कुणी कधी घास घेतला हे नंतर बारकाईनं तपासलं. २०१२ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. एकीनं घास घेतला की पुढच्या पाच सेकंदांत दुसरीनंही घास घ्यायची शक्यता वाढलेली दिसली, आणि जेवणाच्या सुरुवातीला तर ती अधिकच होती. एकमेकींबरोबर घास घ्या असं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. अशा तऱ्हेचे प्रयोग १९७० च्या दशकापासून होत आलेत. २०१५ मध्ये त्यातल्या ६९ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा ६४ प्रयोगांत हाच परिणाम आढळला. बरोबरचा माणूस भरपूर खाणारा असला तर आपण जास्त खातो, तो हात आखडता घेणारा असला तर आपलाही हात आखडतो. बरं, तो माणूस प्रत्यक्ष समोर असायलाच हवा असंही नाही. अमेरिकेत ८ ते १२ वर्षांच्या मुलींना त्यांच्याच वयाच्या एका मुलीचा व्हिडिओ दाखवला होता. व्हिडिओतली मुलगी जास्त बिस्किटं घेताना ज्यांनी पाहिली, त्यांनी स्वतःही जास्त खाल्ली.

म्हणजे पुरे कधी म्हणायचं, हे आपलं पोट एकटं ठरवत नाही. समोर बसलेलं माणूसही ते ठरवत असतं. आपल्या जुन्या पंगतीत तर हे उघडच होतं. शेजारचा अजून जेवतोय म्हणून आपण भाताचा आणखी एक वाढा घेतो, आणि सगळ्यांचे हात थांबले की आपलाही थांबतो.

आता सासूबाई. तुमचं दीड भाकरीचं माप कुठून आलं असेल, याचा विचार करून बघा. समोर एक म्हातारं माणूस, दात नसलेलं, दुधात भिजलेला एकेक घास सावकाश घोळवणारं. त्यांच्यासमोर भराभर जेवून उठणं तुम्हाला शोभलं नसतं, म्हणून तुम्हीही रमत रमत जेवत होता. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्यांच्याबरोबर जेवताना ही वीस मिनिटं दुसरी भाकरी मोडायच्या आधीच निघून जात होती, त्यामुळे अर्धीवरच तुमचं समाधान होत होतं. त्या गेल्या आणि त्यांच्या जागी जी बाई आली, ती एका घासात अख्खं अंडं घेते आणि थांबायचं नावच घेत नाही. तुमची भूक तीच आहे. तुमच्यासमोरचं माणूस बदललंय.

मला आणखी एक गोष्ट वाटते, ती बोलूनच टाकते. इतकी वर्षं रोज रात्री ज्यांच्यासमोर बसून जेवलात, त्या एक दिवस नाहीशा झाल्या. बारावं-तेरावं झालं, लोक आले-गेले, तुम्ही पुन्हा कामावर रुजू झालात. पण रात्री आठ वाजता तुमच्यासमोरची जागा रिकामी राहिली, आणि त्याबद्दल तुम्हाला कुणी विचारलं नसावं. सासू-सुनेच्या नात्यात दुःख करायलाही बाईला लोक फारशी सवड देत नाहीत. तुम्ही त्या रिकाम्या जागेवर हाताला जे मिळालं ते ठेवलंत. यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. जपानमध्ये नागोया इथल्या संशोधकांनी एकेकट्या माणसांना आरशासमोर बसवून पॉपकॉर्न खायला दिलं होतं. आरसा नसतानापेक्षा आरशासमोर त्यांना ते जास्त चविष्ट लागलं, आणि त्यांनी खाल्लंही जास्त. वयस्क माणसांचं तसं झालं आणि कॉलेजच्या मुलांचंही. एकट्यानं जेवताना माणसाला स्वतःच्याच प्रतिबिंबाची सोबत चालते, मग बोलत्या-खात्या बाईची का चालणार नाही?

फक्त ही सोबत तुमच्या बाजूची नाही. पडद्यावरच्या त्या बाईचं जेवण हा तिचा धंदा आहे. व्हिडिओ कापून जोडलेला असतो. मध्ये ती किती वेळ थांबली, किती घास काढून टाकले, नंतर तिला काय त्रास झाला, यातलं काही तुम्हाला दिसत नाही. हा प्रकार २०१० च्या सुमारास दक्षिण कोरियात सुरू झाला, त्याला मुकबांग म्हणतात. त्याच कोरियाच्या सरकारनं २०१८ मध्ये लठ्ठपणाविरुद्ध आराखडा आणला, तेव्हा अशा कार्यक्रमांसाठी मार्गदर्शक सूचना आणण्याचं जाहीर केलं. चीनमध्ये २०२० साली सरकारी टीव्हीनंच अशा खाणाऱ्यांवर टीका केली, त्यातले काहीजण खाल्लेलं नंतर ओकून टाकतात हेही तेव्हा पुढं आलं. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, अन्नाच्या नासाडीविरुद्ध तिथं कायदा झाला. अचाट खाण्याचे कार्यक्रम बनवणाऱ्यांना आणि दाखवणाऱ्यांना त्यात १० हजार ते १ लाख युआन दंड आहे. सोलापुरात बसून आपण जिच्या घासाला घास लावतो, ती बाई आपल्यासारखी जेवत नसते, एवढं ध्यानात असू द्या.

तिच्या ताटातलं मटण बघून तोंडाला पाणी सुटतं, ते निराळंच. अन्न नुसतं दिसलं तरी शरीर जेवायच्या तयारीला लागतं. जर्मनीत म्युनिकच्या मॅक्स प्लांक संस्थेत २०१२ मध्ये निरोगी तरुणांना चमचमीत पदार्थांची चित्रं दाखवून त्यांचं रक्त तपासलं, तेव्हा भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक वाढलेलं आढळलं. म्हणजे पोटात दोन भाकऱ्या असतानाही डोळे भूक लागल्याची वर्दी देत राहतात.

त्यात आपलं सोलापुरी ताट. मी याच गावात वाढले, त्यामुळे हे ताट माझ्या डोळ्यांसमोर आहे. तव्यावरची मऊ भाकरी मोजता येते, कारण प्रत्येक भाकरीला कुणीतरी उठून ती भाजावी लागते. कडक भाकरीचं तसं नाही. पापडासारखी पातळ, मोडली की कुडकुड वाजणारी, चवड समोरच ठेवलेली. एका हातानं तुकडा मोडायचा, शेंगा चटणीत दाबायचा, वरून दही घ्यायचं आणि नजर पडद्यावर. अर्धी खाल्ली की दीड, ते ताटावरून ओळखू येत नाही, कारण ताटात नुसता चुरा उरतो. चटणी तर उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं. दोन चमचे चटणी ताटात घेतली तर ती उत्तम, पौष्टिक गोष्ट आहे. वाटीच समोर ठेवून व्हिडिओ संपेपर्यंत बोट फिरवत राहिलात तर तीच वाटी एका जेवणाएवढी होते. चटणी सोडा असं मी तुम्हाला कधीच सांगणार नाही. वाटी उचलून फडताळात ठेवा, एवढंच सांगते.

आता साडेदहाचं फरसाण. त्याचं मूळही आठच्या जेवणात आहे. ब्रिटनमध्ये २०११ साली एक प्रयोग झाला. काही माणसांनी दुपारचं जेवण कॉम्प्युटरवर पत्त्यांचा खेळ खेळत घेतलं, बाकीच्यांनी नुसतं जेवण केलं. दोघांचं जेवण सारखंच होतं. अर्ध्या तासानं बिस्किटं समोर ठेवली, तर खेळत जेवलेल्यांनी दुसऱ्यांच्या जवळपास दुप्पट खाल्ली. जेवताना कोणता पदार्थ कशानंतर खाल्ला, हेही त्यांना नीट सांगता येईना. पुढं २०१३ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा मिळून आढावा घेतला गेला. लक्ष दुसरीकडे ठेवून जेवलं तर त्या वेळी थोडं जास्त जातंच, पण नंतरच्या खाण्यात ती वाढ आणखी मोठी असते, असं त्यातून पुढं आलं. जेवणाची आठवण पक्की नसली की दोन तासांनी मन म्हणतं, आपण जेवलोच कुठं? काल रात्री भाजी कोणती होती आणि तिच्यात मीठ कसं पडलं होतं, हे आत्ता आठवून बघा. त्या परातीत काय काय होतं ते मात्र तुम्हाला आठवतंय, पत्रात तुम्ही सगळं लिहिलंत.

मग मुलीचं उलट का? तिच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तिला खोटं पाडू नका. २०१० मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी काही माणसांना एकामागून एक ३० चॉकलेटच्या गोळ्या खातोय अशी कल्पना करायला लावली, दुसऱ्यांना फक्त ३. मग खऱ्या गोळ्यांचा वाडगा पुढं केला. मनातल्या मनात ३० खाल्लेल्यांनी वाडग्यातल्या कमी खाल्ल्या. डेन्मार्कमध्येही २०२२ मध्ये दिसलं की एकाच गोड पदार्थाचं चित्र ३० वेळा पाहिलेली माणसं, तेच चित्र ३ वेळा पाहिलेल्यांपेक्षा त्या पदार्थाचा लहान वाटा निवडतात. बघून आणि कल्पना करून मन काही प्रमाणात तृप्त होतं, ते खरं आहे. पण ते त्याच एका पदार्थापुरतं आणि तेवढ्या वेळापुरतं. व्हिडिओत चॉकलेट केक पाहिला म्हणून रोज रात्री ज्वारीची भाकरी परत जाते, असं त्यातून होत नाही.

तुमच्या घरातली ही उलटसुलट गोष्ट संशोधकांनाही दिसलेली आहे. स्वीडनमध्ये २०२० साली असे व्हिडिओ बघणाऱ्यांनी इंटरनेटवर स्वतःबद्दल काय काय लिहिलंय, त्याचा अभ्यास झाला. काहींनी लिहिलं होतं की याच्यामुळे एकटं वाटत नाही. काहींनी लिहिलं होतं की ते बघून आपल्याला बेसुमार खाल्लं जातं. आणि काहीजण आपलं खाणं आवळून ठेवण्यासाठी मुद्दाम हे बघत होते, आपल्या वाटचं कुणीतरी दुसरं खातंय असं समजून. तुमचं पत्र पहिल्या दोन प्रकारांत बसतं. मुलगी तिसऱ्यात आहे की काय, याची मला काळजी वाटते, आणि तुमच्या आठ किलोंपेक्षा ती मला मोठी वाटते. त्यामुळे तिच्याबद्दल आधी लिहिते.

सतरा-अठराच्या वयात बारावीच्या ताणानं भूक मंदावते. क्लासच्या बाहेर मैत्रिणींबरोबर वडापाव होतो आणि मग घरी भूक राहत नाही. तसं असेल तर फार चिंता नाही. पण काही गोष्टी न बोलता पाहत राहा. पाळी वेळेवर येते का? केस जास्त गळतायत का, भर दुपारीही तिला गार वाटतं का, उठताना चक्कर येते का? चारचौघांत जेवायचं ती टाळते का? जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवते का? वजनकाट्यावर वारंवार चढते का, आरशात पोट-मांड्या निरखते का? पाळी सलग तीन महिने चुकली, वजन भरभर उतरलं, ती ओकून टाकतेय असा संशय आला किंवा चक्कर येऊन पडली, तर बारावी संपायची वाट पाहू नका, डॉक्टरांकडे न्या. आधी फॅमिली डॉक्टर, आणि त्यांनी सांगितलं तर मानसोपचारतज्ज्ञ. मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढलं की घरातल्यांच्या कपाळावर आठ्या पडतील. पडू द्या. खाण्याशी बिघडलेलं नातं हा आजार आहे, तो वेळेत पकडला तर बरा होतो, आणि दुर्लक्ष केलं तर जिवावर बेततो. कुणाशी बोलावं ते सुचत नसेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. फोन फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

तिच्याशी बोलताना वजन हा विषयच काढू नका. 'किती वाळलीस', 'हाडं दिसायला लागली', 'कोण करेल तुझ्याशी लग्न', यातलं काही घरात कुणीही बोलणार नाही अशी ताकीद द्या, मिस्टरांनाही आणि आल्यागेल्या नातेवाइकांनाही. आणि एक अवघड गोष्ट तुम्हालाच करायची आहे. तिच्यासमोर स्वतःला नावं ठेवू नका. मी किती सुटलेय, माझं पोट बघ, असं आईच्या तोंडून रोज ऐकणारी मुलगी स्वतःच्या ताटाकडेही तशाच नजरेनं बघायला लागते.

मिस्टरांचं नेट बंद करण्याचं म्हणणं मला पटत नाही. मुलीचा अभ्यास नेटवर आहे, तुमचं मिस्टरांशी बोलणंही त्याच्यावरच. आणि नेट बंद केलं तरी समोरची जागा रिकामीच राहणार, मग तिथं टीव्ही येईल किंवा फरसाणाचा डबाच येईल. कुणी असंही सुचवेल की त्यापेक्षा फळं आणि सॅलड खाणाऱ्यांचे व्हिडिओ बघा. त्याचाही भरवसा धरू नका. लिव्हरपूलमध्ये ९ ते ११ वर्षांच्या १७६ मुलांवर झालेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सोशल मीडियावरच्या प्रसिद्ध व्यक्ती चिप्स-चॉकलेटसारखं खाणं हातात घेतलेल्या पाहिल्यावर मुलांनी, खाण्याचं काहीच न पाहिलेल्या मुलांपेक्षा एकूण २६ टक्के जास्त उष्मांक खाल्ले. पण त्याच व्यक्ती फळं-भाज्या घेऊन दिसल्या, तेव्हा मुलांनी फळं-भाज्या काही जास्त खाल्ल्या नाहीत. वाईट तेवढं उचललं जातं, चांगलं तितक्या सहज नाही.

म्हणून माझं सांगणं जागा भरण्याचं आहे. तुमची ती जुनी दीड भाकरीच घ्या आणि तिचे दोन भाग करा. एक भाकरी आठ वाजता, भाजी-आमटीसकट. उरलेली अर्धी साडेनऊला, मुलगी आली की तिच्याबरोबर.

आठ वाजता मोबाइल तांब्याला टेकवायची सवय आहे ना? ती तशीच ठेवा. फक्त त्या बाईऐवजी मिस्टरांना व्हिडिओ कॉल लावा. तेही पुण्यात मेसचा डबा एकटेच खात असतील, आणि कुणी सांगावं, तेही असलंच काहीतरी बघत जेवत असतील. त्यांच्या ड्युटीप्रमाणे वेळ पुढंमागं करा. दोघं आपापलं ताट घेऊन बसा. भाजी काय, आज लाइनवर किती पीस निघाले, पुण्यात पाऊस आहे का, एवढं बोलणं पुरे. समोरचं माणूस खरं असलं की तो बोलायला थांबतो, पाणी पितो, एक पोळी खाऊन ताट बाजूला सारतो. तुमचा हातही त्याच गतीनं चालेल. एकत्र जेवताना माणूस एकट्यापेक्षा जास्त खातो हेही संशोधनात दिसलंय, हे मी लपवत नाही. त्यासाठीच ताट आधी वाढून घ्या, भाकरीचं टोपलं आणि चटणीची वाटी आत ठेवून या, मग कॉल लावा.

कामावरून येईपर्यंत पोटात कावळे ओरडत असतील तर सहा-साडेसहाला मूठभर फुटाणे-शेंगदाणे किंवा एक पेरू खा. मे-जूनच्या युनिफॉर्मच्या सीझनमध्ये घरी यायला उशीर होतो, तेव्हा तर हे नक्की करा. सपाटून भूक लागलेल्या माणसाला कुठलाही सल्ला उपयोगी पडत नाही.

साडेनऊला मुलगी येईल. ती ताट उचलून आत जाईल, तेव्हा अडवू नका. तिच्यासमोर तुमची अर्धी भाकरी आणि ताकाचा पेला ठेवा आणि म्हणा, 'मी थांबलेय तुझ्यासाठी, पंधरा मिनिटं बस माझ्याजवळ.' त्या पंधरा मिनिटांत दोघींचे फोन दुसऱ्या खोलीत. टेस्टमध्ये किती पडले, सीईटीचं काय, हे विचारायचं नाही. तिच्या ताटात काय उरलं ते बघायचंही नाही, निदान तिला दिसेल असं नाही. आधी दोन दिवस ती घुम्यासारखी बसेल. तिसऱ्या दिवशी एखादी मैत्रीण, एखादे सर, काहीतरी बोलण्यात येईल. तुम्ही सावकाश जेवा. समोरच्याचं पाहून हात चालतो हे तिच्याही बाबतीत खरं आहे, आणि आजवर जेवणाच्या वेळी तिच्यासमोर कुणीच नव्हतं. सासूबाईंनी तुमच्यासाठी जे केलं, नकळत का होईना, ते तुम्ही तिच्यासाठी करू शकता.

हिवाळ्यात कुणाच्या शेतावर हुरड्याचं बोलावणं आलं तर तिला घेऊन जा. आगटीभोवती सगळे बसलेले, कणीस भाजून हातावर चोळून मिळेपर्यंत थांबायचं, मिळालं की चटणीबरोबर चार दाणे तोंडात टाकायचे आणि पुढच्या कणसाची वाट बघायची. तिथं कुणी कुणाचं ताट मोजत नाही, कारण ताटच नसतं. जेवणाची धास्ती घेतलेल्या मुलीला असं बसणं सोपं जातं.

व्हिडिओंचंही थोडं सांगते. कायमचे सोडा असं मी म्हणत नाही, पण हात धुतल्यानंतर बघा, ताट समोर असताना नको. एका व्हिडिओमागून दुसरा आपोआप सुरू होतो, ते ऑटोप्ले सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. असला व्हिडिओ समोर आला की कडेच्या तीन टिंबांवर दाबून 'नॉट इंटरेस्टेड' करा, आणि जुनी वॉच हिस्टरी पुसून टाका. काही दिवसांत त्या पराती तुमच्या पडद्यावर कमी दिसायला लागतील. मुलीच्या फोनवर हे परस्पर करू नका. तुम्ही तुमच्या फोनवर करताना ती शेजारी असली तर पुरे.

एखाद्या रात्री फरसाणाचा डबा निघालाच, तर स्वतःला शिव्या न देता वाटीत थोडं काढून घ्या, डबा बंद करून ठेवा आणि बसून खा. डब्यातून उभ्या उभ्या खाल्लेलं लक्षात राहत नाही. आणि सासूबाईंची आठवण आली तर ती मिस्टरांशी बोला, त्यांची तर आई होती. तुम्ही दोघं त्यांच्याबद्दल अजून नीट बोललाच नसाल, असं मला पत्रावरून वाटलं.

राहिली साखर. उपाशीपोटी ११२ म्हणजे मधुमेह झाला असं नाही, पण ती त्याच्या अलीकडच्या पायरीवर आहे, आणि या पायरीवरून मागं फिरता येतं. एकाच तपासणीवर विसंबू नका. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या. ती ५.७ ते ६.४ च्या मध्ये आली तर आत्ताच जेवणाची घडी बसवायची आणि रोज अर्धा तास चालायचं, ६.५ किंवा पुढं गेली तर डॉक्टर सांगतील ते उपचार सुरू करायचे. जाल तेव्हा मुलीलाही बरोबर न्या आणि तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे निमित्त शोधायची गरज नाही. दोघींनी एकाच सकाळी रक्त दिलं, तर आईनं मला तपासायला आणलंय असं तिला वाटणार नाही.